अनुस्वार गळू नये म्हणून

दारावरची पाटी स्टीलमध्ये कापून घ्यायची ठरली, की लोक मोबाइलमध्ये एक चित्र घेऊन लेझर कटिंगच्या गाळ्यावर जातात. तिथला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘फाइल आहे का?’ चित्र पुढे केलं तर ऑपरेटर सांगतो, ‘हे नाही चालत, डीएक्सएफ लागेल.’ मग कुणीतरी जवळच्या फ्लेक्स छापणाऱ्याचा पत्ता देतं, तो घाईत काहीतरी करून देतो आणि पाटी तयार होते. अशी पाटी मला रस्त्यावरून ओळखता येते. ‘स’च्या पोटातून एक आडवी पट्टी गेलेली असते, अनुस्वार काडीवर उभा केलेला असतो आणि वेलांटीच्या वळणाला जागोजागी कोपरे पडलेले असतात.

मी कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिकवली. अक्षरलेखन हा माझा जिव्हाळ्याचा भाग. निवृत्त झाल्यापासून ओळखीच्यांच्या घरांसाठी धातूच्या पाट्या करते. अक्षर बोरूनं काढते, फाइल स्वतः बनवते आणि कापायला उद्यमनगरात नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत देते. अक्षर ज्यानं काढलं त्यानंच कापण्याची फाइल करावी, असं माझं ठाम मत आहे. कारण फाइल बनवताना जे निर्णय घ्यावे लागतात ते सगळे अक्षराचे निर्णय असतात. कुठली रेघ कुठे तोडायची, कुठला ठिपका कशाला जोडायचा, हे यंत्राला ठाऊक नसतं आणि ऑपरेटरनं ते ठरवावं अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. त्याच्यासमोर दिवसभर ब्रॅकेट आणि फ्लँज असतात.

आधी यंत्र काय करतं ते बघू. लेझरचा किरण भिंगातून एका सूक्ष्म ठिपक्यावर एकवटतो, तिथला धातू वितळतो आणि किरण ज्या नोजलमधून बाहेर पडतो त्यातूनच जोरानं येणारा वायू तो वितळलेला धातू खाली उडवून देतो. उद्योगात ज्या लेझरनं हे काम पहिल्यांदा रुजवलं, तो कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. हे पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. शाळेत असताना मी हे मुलांना आवर्जून सांगत असे. पुढे १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर हूल्डक्रॉफ्ट यांनी किरणाच्या जोडीला ऑक्सिजनचा झोत सोडून १ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापून दाखवला. आज आपल्याकडच्या गाळ्यांत धातूसाठी बहुतेक फायबर लेझर असतात. कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, तर फायबरची साधारण १ मायक्रॉन. ही आखूड लहर धातू जास्त शोषून घेतो, त्यामुळे पितळ आणि तांब्यासारखे चकचकीत धातूही तिनं कापता येतात. तरीही पितळेची पाटी करायची तर आधी विचारावं, कारण किरण उलट परावर्तित होण्याच्या भीतीनं काही जण ते काम घेत नाहीत.

या किरणाला चित्र दिसत नाही, त्याला फक्त वाट लागते. मोबाइलमधलं चित्र म्हणजे रंगीत बिंदूंचा चौकोन. त्यात ‘इथून इथे जा’ असं कुठेच लिहिलेलं नसतं. डीएक्सएफमध्ये तेवढंच लिहिलेलं असतं. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कनं १९८२ मध्ये हा प्रकार आणला आणि आजही बहुतेक सगळी कटिंगची यंत्रं तो वाचतात. एखादी छोटी डीएक्सएफ फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहा. ‘लाइन’ हा शब्द दिसेल, त्याखाली १० हा आकडा आणि पुढच्या ओळीत आडवं अंतर, मग २० आणि उभं अंतर, नंतर ११ आणि २१ म्हणजे रेघेचं दुसरं टोक. वर्तुळ असेल तर मध्यबिंदू आणि ४० या आकड्याखाली त्रिज्या. रांगोळीची पुस्तकं ठिपक्यांच्या हिशेबानं लिहिली तर अशीच दिसतील. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. रेघ जाड काढली काय आणि बारीक काढली काय, यंत्राला फरक पडत नाही. आतला रंग त्याला दिसत नाही. आणि एकावर एक दोन रेघा असतील तर ते तीच वाट दोनदा कापतं.

आता मराठी अक्षराकडे येते. ‘संपदा’ हे घराचं नाव धरू या.

हे नाव फाँटमध्ये टाइप केलं तर पडद्यावर एकसंध दिसतं. डोक्यावरून सलग शिरोरेषा. पण ती सलग नसते. देवनागरी फाँट घडवताना प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात किंचित घुसेल अशी ठेवतात, म्हणजे छपाईत मध्ये फट दिसत नाही. काळ्या रंगावर काळा रंग चढला, कुणाला कळत नाही. किरणाला मात्र प्रत्येक अक्षराची पूर्ण बाह्यरेषा दिसते. तो ‘सं’भोवती फिरतो, मग ‘प’भोवती, आणि जिथे दोन शिरोरेषा एकमेकींत घुसल्या आहेत तिथे आरपार कापत जातो. शब्द अखंड मिळण्याऐवजी अक्षरांचे सुटे तुकडे हातात येतात.

यावरचा उपाय सोपा आहे. मी इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर वापरते. त्यात शब्द टाइप करून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करायचं, म्हणजे अक्षरांचा मजकूर जाऊन नुसत्या बाह्यरेषा उरतात. पाट्यांच्या धंद्यात याला ‘फाँट कर्व्ह करणं’ म्हणतात. ही पायरी कधीच गाळू नका. तुमचा फाँट गाळ्यावरच्या संगणकात नसतो आणि जुन्या श्रीलिपीसारख्या पद्धतीनं टाइप केलेलं असेल तर तिथे भलतीच चिन्हं उमटतात. मग अनग्रुप करून सगळी अक्षरं निवडायची आणि ‘युनियन’ द्यायचं. एकमेकींत घुसलेल्या रेषा विरघळतात आणि शब्दाभोवती एकच अखंड वाट उरते. खात्री करायला ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘आउटलाइन’ निवडा. रंग गायब होतो आणि फक्त बारीक रेषा दिसतात. यंत्राला जे दिसणार ते हेच. शिरोरेषेत एकही उभी रेघ शिल्लक नसेल तर काम झालं. माझा पडदा निम्म्याहून जास्त वेळ याच अवस्थेत असतो.

यानंतर ठरवायचं, की अक्षर ठेवायचं की काढायचं. पाट्या दोन प्रकारच्या होतात. एकीत अक्षरांचा आकार पत्र्यातून सुटून बाहेर येतो आणि तो भिंतीवर लावतात. दुसरीत पाटी राहते आणि अक्षराच्या जागी आरपार भोक पडतं, मागे दिवा लावला की नाव उजळतं. दोन्हींत देवनागरी वेगवेगळ्या तऱ्हेनं वागते.

पहिल्या प्रकाराला आपली लिपी फार अनुकूल आहे. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटं पडतं आणि एकेक मोजून भिंतीवर चिकटवावं लागतं. आपल्याकडे शिरोरेषा सगळा शब्द तोलून धरते. ‘संपदा’ हा एकच तुकडा म्हणून हातात येतो. रफार, मात्रा, वेलांट्या, उकार सगळे कुठेतरी टेकलेले असतात. सुटतो तो अनुस्वार. विसर्ग आणि नुक्ताही तसेच, आणि कित्येक फाँटमध्ये ‘ॅ’चा चंद्रसुद्धा हवेत तरंगत असतो. या ठिपक्याखाली काडी घालणं मला अजिबात पटत नाही. बोरू तिरका धरून टेकवला तर कागदावर गोल ठिपका येत नाही, समभुज चौकट येते, एक कोपरा खाली केलेली. हाच आकार ठेवा आणि तो खालचा कोपरा शिरोरेषेत ३ मिलिमीटर बुडवा. ठिपका धरला जातो आणि वाचणाऱ्याला जोड जाणवतही नाही, कारण हस्तलिखितात शाई ओली असताना असंच होतं.

दुसरा प्रकार अवघड. आरपार कापलेल्या अक्षरात ज्या पोकळ्या चारही बाजूंनी बंद असतात, त्यांच्या आतला पत्रा कशालाच धरलेला नसतो आणि तो खाली पडतो. रोमनमध्ये ही अडचण मोजक्या अक्षरांत येते. आपल्याकडे शिरोरेषाच झाकण घालते, म्हणून ‘प’, ‘य’, ‘स’, ‘ण’ ही अक्षरं वरून बंद होतात. ‘व’ आणि ‘ब’ तर स्वतःच्या वळणानंच बंद असतात. ‘संपदा’त ‘स’चं आणि ‘प’चं पोट असे दोन तुकडे पडतील, आणि ‘प’ नुसत्या ठोकळ्यासारखा दिसेल. म्हणून आतला पत्रा बाहेरच्या पत्र्याला जोडणारे बारीक पूल ठेवावे लागतात. धान्याच्या पोत्यांवर व्यापाऱ्याचं नाव छापायच्या स्टेन्सिलमध्येही असेच पूल असतात.

पूल कुठे ठेवायचा, हा या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला वाटतो. घाईत केलेल्या फाइलमध्ये तो पोटाच्या मधोमध आडवा नाहीतर उभा टाकलेला असतो. सोयीचा, पण अक्षर चिरणारा. मी कागद घेते आणि ते अक्षर बोरूनं सावकाश लिहून बघते. बोरू जिथे उचलला जातो तिथे पूल. ‘प’ लिहिताना डावं वळण काढतो, मग काना, आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी. म्हणजे डावं वळण शिरोरेषेला जिथे भेटतं तिथे हात मुळातच थांबलेला असतो. तिथे एक फट ठेवली आणि काना शिरोरेषेला मिळतो तिथे दुसरी, तर पोटातला पत्रा दोन ठिकाणी धरला जातो आणि डोळ्याला अक्षर अखंड वाटतं. ‘व’ला शिरोरेषेचा आधार नाही. तिथे गोलाई कान्याला वर आणि खाली जिथे चिकटते, त्या दोन जागा पुलाच्या. ज्या वाचकाला अक्षरांची आवड आहे त्यानं हा खेळ एकदा कागदावर करून बघावा. आपण रोज लिहितो त्या अक्षरांची हाडं दिसू लागतात.

फाँट न वापरता हातानं काढलेलं अक्षर कापायचं असेल तर आणखी एक पायरी लागते. बोरूनं मोठं लिहा, स्कॅन करा आणि इंकस्केपमध्ये ‘ट्रेस बिटमॅप’ करा. बाह्यरेषा मिळते, पण तिच्यावर शेकडो बिंदू असतात, कागदाचा प्रत्येक तंतू आणि शाईची प्रत्येक थरथर त्यात उतरते. यंत्र त्या प्रत्येक बिंदूपाशी किंचित अडखळतं आणि कड खरखरीत होते. आपोआप ‘सिम्प्लिफाय’ केलं तर बिंदू कमी होतात, पण वळणही बदलतं. मी त्या ट्रेसचा फक्त खालचा आधार म्हणून उपयोग करते आणि त्यावरून नव्यानं वाट काढते. बिंदू ठेवायचे ते वळणाच्या टोकांवर, म्हणजे सर्वांत डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली. ‘प’च्या पोटाला चार-पाच बिंदू पुरतात. याला वेळ लागतो, पण पाटीचं रूप इथेच ठरतं.

मग मापं. सगळं काम पहिल्यापासून मिलिमीटरमध्ये करा. डीएक्सएफमधले आकडे मुळात नुसते आकडे असतात. फाइलमध्ये एकक नोंदवायची सोय आहे, पण जुन्या आवृत्त्यांत ती नसते आणि असली तरी समोरचं सॉफ्टवेअर ती पाहीलच असं नाही. मिलिमीटरचे आकडे इंच म्हणून वाचले गेले तर पाटी २५.४ पट मोठी होते. म्हणून फाइलबरोबर एक पीडीएफ द्यायचा आणि त्यात एकूण रुंदी-उंची स्पष्ट लिहायची. ही मापं, बाण, सूचना डीएक्सएफमध्ये ठेवू नका. तिथे जी रेघ आहे ती कापली जाईल, असंच धरून चालायचं.

पत्र्याची जाडीही मिलिमीटरमध्येच सांगा. बाजारात अजून गेजची भाषा चालते, पण गेजची कोष्टकं एकाहून जास्त आहेत. आपल्याकडच्या रूढ मापानं १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, तर अमेरिकी पोलादी पत्र्याच्या कोष्टकात तोच आकडा १.५ च्या आसपास येतो. पाटीसाठी मला २ मिलिमीटर योग्य वाटतं. ६०० बाय २०० मिलिमीटरची अशी स्टेनलेसची सपाट पाटी पावणेदोन ते दोन किलो भरते. जाडी ठरली की त्यावरून बाकीचं ठरतं. कुठलाही पूल किंवा अक्षराची सर्वांत नाजूक रेघ पत्र्याच्या जाडीपेक्षा बारीक नको, दीडपट असेल तर निर्धास्त. २ मिलिमीटरच्या पत्र्यात ३ मिलिमीटर. भोकाचा व्यासही निदान जाडीइतका. अणकुचीदार टोकाला उष्णता साठून ते जळतं, आणि पुसताना हातालाही लागतं, म्हणून बोरूच्या टोकांना अर्ध्या मिलिमीटरची गोलाई द्या. लांबून टोक टोकदारच दिसतं.

किरण स्वतःही थोडा धातू खातो. पातळ पत्र्यात ही फट एक-दोन दशांश मिलिमीटरची असते. नवशिक्यांना वाटतं की आपण फाइलमध्ये ती आधीच वाढवून द्यावी. तसं करू नका. गाळ्यावरचं सॉफ्टवेअर बाहेरच्या वाटेला बाहेरून आणि आतल्या भोकाला आतून सरकवून ही भरपाई करतं. आपणही केली तर ती दुप्पट होते. पण सॉफ्टवेअरला आत-बाहेर कळण्यासाठी प्रत्येक वाट पूर्ण बंद असावी लागते. पडद्यावर टेकल्यासारख्या दिसणाऱ्या दोन टोकांमध्ये शतांश मिलिमीटरची फट असली तरी ती वाट उघडी ठरते. टोकं निवडून ‘जॉइन’ करायला हवीत.

भिंतीवर लावायची भोकं याच वेळी काढून घ्या. ४ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी ४.५ चं भोक ठेवते. पावडर कोटिंग करायचं असेल तर त्याचा थर भोकाच्या कडेवरही बसतो, ही मोकळीक तेव्हा कामी येते.

फाइल पाठवण्याआधी मी ती मूळ मापात कागदावर छापते, जाड पुठ्ठ्यावर चिकटवते आणि कटरनं प्रत्येक रेघेवरून कापते. पुठ्ठा उचलला की जे पडायचं ते पडतं, जे लटकायचं ते लटकतं. पूल फार बारीक असेल तर तो बोटांना कळतो. मग तो पुठ्ठा दारावर लावून रस्त्यावरून बघते. अक्षरं किती मोठी हवीत याचा अंदाज पडद्यावर कधीच येत नाही. माझी भाचवंडं संगणकात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत, पण पाटी करताना मी त्यांच्याही हातात कटर देते.

फाइलबरोबरच्या चिठ्ठीत धातू, जाडी, नग आणि काय ठेवायचं ते लिहावं. टाकायचा भाग पीडीएफमध्ये तिरक्या रेघांनी भरून दाखवला तर प्रश्नच उरत नाही. स्टेनलेस हवं असेल तर नुसतं ‘एसएस’ लिहू नका, ३०४ लिहा. २०२ स्वस्त पडतं, पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्यावर तांबूस डाग लवकर येतात. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत ३०४ लाही डाग पडतात, तिथे ३१६ घ्यावं. ब्रश फिनिशचा पत्रा असेल तर त्यावरच्या बारीक रेघा आडव्या हव्यात की उभ्या तेही सांगा, नाहीतर पत्रा वाचवण्यासाठी तुमचा जॉब आडवा फिरवला जाईल. वरची प्लास्टिकची फिल्म तशीच ठेवायला सांगा. स्टेनलेस नायट्रोजननं कापून घ्यावं, कड पांढरी चकचकीत राहते. साधं पोलाद ऑक्सिजननं कापलं तर कडेवर काळपट ऑक्साइडचा थर बसतो आणि रंग त्या थरासकट सुटतो, त्यामुळे पावडर कोटिंगला देण्याआधी कड घासून घेणं आवश्यक.

दर साधारणपणे किती लांबीची वाट कापली, किरणानं नव्यानं किती ठिकाणी छेद घेतला आणि किती पत्रा लागला यावर ठरतो. नक्षी, वेलबुट्टी, बारीक जाळी घातली की छेद वाढतात आणि पैसेही. पातळ पत्रा त्या उष्णतेनं वाकतोही. नुसतं नाव, भरपूर मोकळी जागा ठेवून, हे खिशाला आणि डोळ्याला दोन्हींना बरं.

पाटी हातात आली की मागच्या कडेवरची बारीक धार कानशीनं उतरवा. लावताना भिंतीपासून १० ते १५ मिलिमीटर पुढे राहील असे स्पेसर घाला. पाणी मागून वाहून जातं आणि उन्हाची तिरीप आली की अक्षराची सावली भिंतीवर पडून नाव लांबूनही वाचता येतं. स्क्रूसुद्धा स्टेनलेसचेच घ्या. लोखंडी स्क्रूचा गंज पहिल्याच पावसाळ्यात भिंतीवर ओघळतो आणि तो पुढे रंग देऊनही सहज झाकला जात नाही.